मॉरिशस : मजुरांनी घडविलेले बेट

मॉरिशस हे नाव आता आपल्या गावात कोणाला अपरिचित राहिलेले नाही. लग्नसराई सरली की नवी जोडपी तिकडे जातात, आणि परत आल्यावर निळे पाणी, पांढरी वाळू व माडाची झाडे यांची चित्रे आप्तेष्टांना दाखवितात. प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत या बेटाला हटकून भूवरील स्वर्ग म्हटलेले असते, आणि साक्षीला अमेरिकेचे प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन यांना उभे केलेले असते. स्वर्गाचा नमुना मॉरिशसवरून उचलला, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या नावावर खपतात. वस्तुतः ट्वेन १८९६ साली तेथे गेले तेव्हा हे मत त्यांना बेटावरील एका रहिवाशाने ऐकविले होते. त्यांनी ते थट्टेच्या सुरात नोंदविले, आणि दुसऱ्या रहिवाशाने ती अतिशयोक्ती असल्याचे सांगितले हेही लागलीच लिहून ठेवले. जाहिरातदारांनी पहिला रहिवासी ठेवला व दुसरा गाळला.

आज आम्ही त्या गाळलेल्या बाजूविषयी बोलणार आहो. आमचे शिक्षण शाळेत थोडे व वाचनालयात अधिक झाले, आणि आयुष्याची पुष्कळ वर्षे कामगारांच्या संघटनेत गेली. त्यामुळे कोणतीही सुंदर वस्तू दिसली की ती कोणी घडविली, त्याला काय मजुरी मिळाली, आणि आज तो कोठे आहे, हे तीन प्रश्न आमच्या मनात उठतात. मॉरिशससंबंधी हे प्रश्न विचारले की उत्तर आपल्या कोकणच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचते.

प्रथम बेटाची ओळख करून घेऊ. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पावभागाइतकेही नाही. लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. जमीन ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची, आणि सभोवती प्रवाळाचा कट्टा. हा कट्टा लाटा अडवितो, म्हणून आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. प्रवाशांना भुलविणारा देखावा निसर्गाने दिला आहे, यात शंका नाही. परंतु या बेटावर मूळचा मनुष्य कोणीच नव्हता, ही त्याच्या इतिहासातील पहिली महत्त्वाची गोष्ट होय. तेथे आज जो कोणी आहे त्याचा पूर्वज जहाजातून आलेला आहे. कोणी मालक म्हणून, कोणी साखळदंडात, तर कोणी कराराच्या कागदावर अंगठा उठवून.

डच लोक १५९८ साली येथे उतरले व आपल्या राजपुत्र मॉरिस याचे नाव त्यांनी बेटाला दिले. त्यांनी १६३८ मध्ये वसाहत केली, जावाहून ऊस आणला, एबनीचे जंगल तोडले. न उडणारा डोडो पक्षी त्याच शतकात पृथ्वीवरून नाहीसा झाला. १७१० मध्ये डच कंटाळून निघून गेले. त्यांच्या मागून फ्रेंच आले. १७३५ साली आलेला गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने पोर्ट लुई बंदर बांधले, रस्ते केले, साखरेचे कारखाने उभारले, असे इतिहासाच्या पुस्तकांत असते. एकट्या गव्हर्नराने बंदर बांधल्याचे आम्हास तरी ठाऊक नाही. ते बांधले मादागास्कर व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून धरून आणलेल्या गुलामांनी, आणि पाँडिचेरीकडून नेलेल्या कारागिरांनी. १७२३ साली लागू झालेल्या कायद्याप्रमाणे पळून जाणाऱ्या गुलामाचे प्रथम कान कापीत व डाग देत, दुसऱ्या वेळी पायाची शीर तोडीत, आणि तिसऱ्या वेळी देहान्त शासन होई. तरीही माणसे पळत. नैर्ऋत्येस ल मोर्न नावाचा उभ्या कड्यांचा डोंगर आहे, तो या पळालेल्यांचा आश्रय होता. आज त्या डोंगराच्या पायथ्याशी आलिशान हॉटेले आहेत व त्यांच्या प्रत्येक चित्रात मागे तो डोंगर दिसतो. युनेस्कोने २००८ मध्ये त्याला जागतिक वारशात घेतले ते देखाव्याकरिता नव्हे, तर गुलामीविरुद्धच्या प्रतिकाराचे स्मारक म्हणून.

इंग्रजांनी १८१० मध्ये बेट जिंकले. फ्रेंच मळेवाल्यांची मालमत्ता, कायदे व भाषा त्यांनी जशीच्या तशी राहू दिली. बदलला तो फक्त झेंडा. पुढे १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी रद्द झाली. साठ हजारांहून अधिक माणसे कायद्याने मुक्त झाली. या प्रसंगी ब्रिटिश सरकारने वीस लक्ष पौंडांहून अधिक नुकसानभरपाई दिली, ती गुलामांच्या मालकांना. ज्यांचे आयुष्य लुटले गेले त्यांना एक पैसाही मिळाला नाही. उलट आणखी काही वर्षे ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकाकडे राबावे लागले. ती मुदत १८३९ मध्ये संपताच त्यांनी मळ्यांकडे पाठ फिरविली.

साखरेला तर हात हवे होते. मळेवाल्यांना हे संकट आधीच दिसत होते, म्हणून त्यांनी हिंदुस्थानकडे नजर वळविली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून निघालेले ‘अॅटलस’ जहाज पोर्ट लुईला लागले व छत्तीस मजूर उतरले. करार पाच वर्षांचा, पगार पुरुषाला महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ आणि अंगावर घालण्यापुरते कापड. इंग्रजी ‘अॅग्रीमेंट’चे आपल्या लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले, व माणूस गिरमिटिया झाला. प्रारंभी फसवणूक व हाल इतके झाले की १८३९ मध्ये हिंदुस्थान सरकारला ही भरती थांबवावी लागली. परंतु मळेवाल्यांचे वजन मोठे. १८४२ मध्ये परवानगी पुन्हा मिळाली, आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई ही तिन्ही बंदरे खुली झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत साडेचार लाखांच्या घरात माणसे तेथे उतरली. सुमारे एक तृतीयांश परतली, बाकीची तेथेच राहिली. १८६१ च्या शिरगणतीत बेटावरील दर पाच माणसांत तीन हिंदी होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ पासून त्यांच्या नोंदणीचे ठाणे होते. त्याच्या दगडी पायऱ्या चढूनच प्रत्येकाचा बेटावर प्रवेश होई. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ पासून तोही जागतिक वारसा आहे.

मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या तिन्हींत सर्वांत लहान. त्यांत मुख्यत्वे रत्नागिरीकडील माणसे होती. खडकाळ जमीन, वाढते कुटुंब, सावकाराचा तगादा, ही कारणे आपल्याला नवी नाहीत. हीच माणसे पुढे मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत आली. फरक एवढाच की मुंबईला गेलेला चाकरमानी शिमग्याला व गणपतीला घरी येई, आणि मॉरिशसला गेलेल्याच्या वाटेकडे पाहणारे डोळे मिटून गेले तरी तो आला नाही. नोंदणीच्या वेळी कारकून नाव विचारी, आणि तो सांगेल तेवढेच लिही. पांडू, गणू, बापू, बाबाजी अशी घरातील हाकेची नावे सरकारी दप्तरात शिरली, व नातवंडांची आडनावे होऊन बसली. गाव व कूळ विसरले गेले, पणजोबाचे लाडके नाव तेवढे उरले. पुढे कोणी आपले मूळ शोधू लागला तर त्याला त्या दप्तरातील आगमनक्रमांकावरून वाट काढावी लागते. ही दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन करून ठेविली आहेत.

मळ्यावरील दिवस कसा जाई? पहाटे अंधारात घंटा होई. सरदार, म्हणजे आपल्याकडचा मुकादम, हजेरी घेई. शेतात प्रथम काळे दगड वेचून बाजूला रचावे लागत. तेव्हा कोठे उसाची कांडी लावायला जागा होई. आजही उसाच्या शेतांमधून या दगडांच्या प्रचंड राशी उभ्या दिसतात. दगडाखाली सोने सापडते असे सांगून भरतीवाल्यांनी आमच्या पूर्वजांना फसविले, अशी कथा तेथील घराघरांत सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्या राशी पाहिल्यावर ती कथा का टिकली हे कळते.

मजुरीच्या हिशेबात ‘दुहेरी कपात’ नावाची एक युक्ती होती. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापावयाचा. आजारी पडलेला मजूर महिनाअखेर मालकाचाच देणेकरी निघे. करार संपलेला मजूर तरी मोकळा व्हावा, तसेही नव्हते. १८६७ च्या कायद्याने त्याला स्वतःच्या छायाचित्रासह परवाना बाळगणे भाग पडले. परवाना घरी विसरला वा आपला जिल्हा ओलांडला, की भटक्या म्हणून पकडून तुरुंग. पुन्हा करार केल्याशिवाय सुखाने जगता येऊ नये, हाच त्या कायद्याचा हेतू होता. त्याच सुमारास मलेरियाची भयंकर साथ येऊन हजारो माणसे मेली. सधन लोक पोर्ट लुई सोडून क्यूरपीपच्या थंड पठारावर राहावयास गेले. मजुरांना जाण्यास ठिकाण नव्हते.

अशा वेळी अडोल्फ द प्लेव्हिट्झ नावाचा एक युरोपीय गृहस्थ पुढे आला. स्वतः मळ्याच्या व्यवस्थेतला असून त्याने मजुरांचा अर्ज तयार केला. १८७१ मध्ये ९,४०१ जणांनी त्यावर आपली नावे घातली. मळेवाल्यांनी त्याला मारहाण केली, हद्दपार करा म्हणून ओरड केली. परंतु गव्हर्नर गॉर्डन बधला नाही. १८७२ मध्ये लंडनहून शाही चौकशी मंडळ आले, आणि १८७८ मध्ये कायदा काहीसा सुधारला. आमच्या अनुभवात कामगारांचा पहिला मोर्चा बहुधा एका कागदापासून निघतो. ज्या माणसाला नाव लिहिता येत नाही त्याने आपले नाव मालकाविरुद्धच्या अर्जावर घालू देणे, ही केवढी छाती! त्या ९,४०१ जणांना पुतळे नाहीत.

पुढे महात्मा गांधी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून स्वदेशी येताना सुमारे तीन आठवडे या बेटावर राहिले. मुलांना शिकवा व राजकारणात लक्ष घाला, हा त्यांच्या सांगण्याचा सारांश. १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर आले आणि कोर्टात मजुरांची बाजू मांडू लागले. १९१० च्या सुमारास गिरमिट बंद झाली. पण मळा, कारखाना व सत्ता मूठभरांच्याच हाती राहिली.

खरे संघटित आंदोलन १९३६ पासून सुरू झाले. डॉ. मोरिस क्यूरे यांनी त्या वर्षी मजूर पक्ष स्थापिला. आफ्रिकी वंशाचे गोदी कामगार व हिंदी वंशाचे शेतमजूर एका व्यासपीठावर येऊ लागले, आणि मालकांना भीती वाटली ती याच गोष्टीची. १९३७ च्या ऑगस्टात उसाचा दर कमी केल्यावरून दंगल झाली, युनियन फ्लाक येथे गोळ्या चालल्या व माणसे मेली. १९३८ मध्ये संघटनेचा हक्क कायद्यात आला, आणि त्याच वर्षी गोदीचा संप मोडून काढताना एमान्युएल आंकेतिल या पुढाऱ्यास रॉद्रिग बेटावर हद्दपार केले. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू आरेल येथील मळ्यावर पोलिसांनी पुन्हा गोळीबार केला. त्यात अंजलाय कुपेन ही गरोदर मजूर स्त्री ठार झाली. तिच्या नावाचे क्रीडांगण आज तेथे आहे.

या लढ्यातील एक भाग आम्हास सर्वांत हृद्य वाटतो. १९४८ च्या राज्यघटनेने मत देण्याचा अधिकार लिहिता-वाचता येणाऱ्यास दिला, आणि ते बेटावरील कोणत्याही भाषेत चालत होते. खेड्याखेड्यांतून ‘बैठका’ होत्या. बैठका म्हणजे आपली चावडी व भजनमंडळ यांचा मिलाफ. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे तेथे कंदिलाभोवती बसून अक्षरे गिरवू लागली. मतदारांची संख्या सुमारे बारा हजार होती, ती सत्तर हजारांच्या वर गेली. आजोबांनी अंगठा उठवून स्वातंत्र्य गमावले होते, नातवांनी सही करून ते परत मिळविण्यास आरंभ केला. १९५९ मध्ये प्रौढ मताधिकार आला, आणि १२ मार्च १९६८ रोजी, दांडीयात्रेच्या तिथीला, मॉरिशस स्वतंत्र झाले.

स्वातंत्र्याच्या वेळी या देशाचे भवितव्य चांगले आहे असे कोणी म्हणत नव्हते. एकच पीक, वाढती वस्ती, अनेक भाषा व अनेक धर्म. मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांनी निराशेचे अहवाल दिले होते. तरी देश बुडाला नाही. याचे श्रेय साखर, कपड्याचे कारखाने व प्रवासी यांना सामान्यतः देतात. आम्ही त्यात कामगारांच्या चळवळीची भर घालू. वृद्ध माणसाला, मग तो गरीब असो वा श्रीमंत, १९५८ पासून सरकारी पेन्शन मिळते. १९७५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. १९७१ मध्ये गोदी कामगारांच्या संपाने देश हादरला व आणीबाणी पुकारली गेली. १९८० मध्ये बंदरात साखर मोकळी भरण्याचे यांत्रिक ठाणे आले आणि पाठीवर पोती वाहणाऱ्यांचे काम गेले. मुंबईची गोदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याचे कारण नाही.

प्रवासी-धंदा हा या कथेतील शेवटचा अध्याय. १९६८ मध्ये वर्षाला सुमारे पंधरा हजार प्रवासी येत, २०१८ मध्ये जवळजवळ चौदा लाख आले. म्हणजे देशातील माणसांपेक्षा पाहुणे अधिक. साखरेला युरोपात मिळणारा हमीचा दर २००९ मध्ये संपला, आणि ऊस निघून पुष्कळ जमिनीवर बंगले उठले. मळ्यावरच्या बाईची मुलगी हॉटेलात खाटेवर चादरी घालते, मुलगा मोटार हाकतो. काम उसापेक्षा हलके आहे, सावलीत आहे. परंतु दिवाळी असो वा नाताळ, पाहुणे आले की रजा नाही. किमान वेतन सर्व धंद्यांना सरसकट लागू व्हावयास जानेवारी २०१८ उजाडले.

किनाऱ्याचा एक जुना कायदा सांगण्यासारखा आहे. फ्रेंच अमदानीपासून समुद्राकाठची सुमारे ८१ मीटर रुंदीची पट्टी सरकारी मानली जाते. ती विकता येत नाही, भाड्याने मात्र देता येते. पूर्वी ती मळेवाल्यांच्या बंगल्यांना मिळाली, नंतर हॉटेलांना. भरतीच्या रेषेखालील वाळू सर्वांची आहे हे खरे, पण वाळूपर्यंत जाणारी वाट कोठून? रविवारी तेथील कुटुंबे भाड्याची बस करून पातेली-डब्यांसह समुद्रावर येतात. सुरूच्या झाडाखाली सतरंजी पसरते, दालपुरी निघते. ही पुरी आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण शोभेल. कोणी रावान नावाची बकऱ्याच्या कातड्याची डफली काढतो, आणि सेगा सुरू होतो. सेगा हे गुलामांचे नृत्य. आता हॉटेलांत भोजनोत्तर कार्यक्रम म्हणून दाखवितात, तथापि त्याचे खरे घर ही सुरूची सावली आहे. प्रत्येक नव्या हॉटेलाबरोबर ती सावली आखूड होते, म्हणून किनारा वाचविण्यासाठी नागरिक संघटना करून भांडत आहेत.

आपले मराठी बांधव या जीवनात कोठे आहेत? संख्येने ते थोडे आहेत. घरात बहुतेकांची बोली क्रिओल झाली आहे. तरी शाळांतून मराठी शिकविली जाते, मराठी मंडळ्या चालतात, आणि गणेशचतुर्थीनिमित्त साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने जिवंत आहे. आपल्याकडील चुलते-पुतणे एका पिढीत परके होतात; ही माणसे पावणेदोनशे वर्षांनंतरही पायात घुंगरू बांधून गोल धरतात. सहलीस जाणाऱ्यांनी एक संध्याकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवावी, एवढी विनंती आहे.

आणि आणखी एक गोष्ट पाहून यावी. आज तेथील कापडाच्या कारखान्यांत, बांधकामावर व हॉटेलांत बांगलादेश, भारत, नेपाळ व मादागास्कर येथील माणसे करारावर आलेली आहेत. परवाना एका विशिष्ट मालकाच्या नावे असतो. मालक सुटला की बेटही सुटते. एका खोलीत अनेकांनी राहावे, पगारातून दलालाचे कर्ज फेडावे, हे आम्हास नवे वाटत नाही. आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांऐवजी विमानाची शिडी आली आहे. ज्यांचे पणजोबा गिरमिटीवर आले त्यांच्या देशात नव्या करारवाल्याला काय वागणूक मिळते, यावरून त्या देशाच्या इतिहासाची परीक्षा होईल. तेथील काही कामगार संघटनांनी या परक्या मजुरांची बाजू घेतली आहे, हे सांगताना आम्हास समाधान वाटते.

जुलै २०२० मध्ये ‘वाकाशियो’ नावाचे जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळावर चढले, आणि ऑगस्टात त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. साथीमुळे त्या वेळी प्रवासी नव्हते, हॉटेले बंद होती. हजारो लोक आपणहून किनाऱ्यावर धावले. त्यांनी उसाचे पाचट आणले, ते कापडाच्या लांब पिशव्यांत भरून शिवले, आणि तेल अडविण्यासाठी त्या पिशव्यांचे बांध समुद्रात सोडले. ज्या उसाने त्यांच्या पूर्वजांची पाठ मोडली, त्याच्या पाचटाने त्यांनी आपला किनारा राखण्याची खटपट केली. हा किनारा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या आठवड्यात कोर्टाबाहेरच मिळाले होते.

आपल्या सिंधुदुर्गास पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर करण्यात आले. मॉरिशसला मजूर पाठविणारा आपला किनारा आता स्वतःच पाहुण्यांची वाट पाहत आहे. हॉटेले येवोत, पैसा येवो, त्याला आमचा विरोध नाही. भुकेपायी माणसे परदेशी जाण्यापेक्षा पाहुणे घरी आलेले बरे. परंतु जमीन देण्यापूर्वी वाळूकडे जाणारी वाट कागदावर लिहून घ्यावी, आणि नोकरी धरण्यापूर्वी कराराचा कागद स्वतः वाचावा. तो वाचता न आल्यामुळे आपल्या माणसांना काय भोगावे लागले, ते मॉरिशसच्या शेतांतील दगडांच्या राशी अजून सांगत उभ्या आहेत.